तेल प्यायलेली माती रस्त्याखाली घालायची तर

स्लॅबच्या कामावर सकाळी लवकर गेलात तर सेंट्रिंगवाल्यांचा एक ठरलेला उद्योग दिसतो. लोखंडी प्लेटा मांडून झाल्या की एक पोरगा डबा आणि फडकं घेऊन प्रत्येक प्लेटवर तेल फिरवत जातो. कुठे दुकानातलं शटरिंग ऑइल असतं, कुठे गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल. प्लेट तेलकट असली की काँक्रीट तिला धरत नाही आणि नंतर ती अलगद सुटते, एवढाच हेतू. गवंड्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. भिंतीवर तेलाचा डाग असेल तर आधी तो खरवडतात, मग गिलावा करतात.

आता हाच प्रश्न उलटा करा. एखाद्या जागची माती तेलाने माखली आहे. टाकी फुटली असेल, पाइपलाइन गळली असेल, नाहीतर युद्ध झालं असेल. ती माती सिमेंटने बांधून रस्त्याखाली वापरायची आहे. म्हणजे सिमेंट चिकटू नये म्हणून जे तेल आपण मुद्दाम लावतो, तेच जिच्यात मुरलंय अशा मातीला सिमेंटनेच पकडायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण यावर तीसेक वर्षं अभ्यास चालू आहे. काही प्रमाणात ते जमतंही.

या अभ्यासाला खरा जोर आला तो कुवेतमुळे. १९९१ च्या फेब्रुवारीत, आखाती युद्धात माघार घेताना इराकी सैन्याने तिथल्या सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर विझली ६ नोव्हेंबर १९९१ ला. आग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, पण ज्या विहिरी नुसत्याच फुटल्या, पेटल्या नाहीत, त्यांचं तेल वाळवंटात साचत गेलं आणि त्याची तळी झाली. शेकडो तळी. शिवाय काजळी आणि हवेतून पडणारे तेलाचे थेंब वाळूत मिसळून वर एक टणक काळी साय धरली. शास्त्रज्ञांनी तिला टारक्रीट असं नाव दिलं. देशाच्या सुमारे ५ टक्के भूभागावर ती पसरली होती. निसर्गाने कुणाला न विचारता केलेला डांबरी रस्ताच म्हणा, फक्त तो कुठेच जात नव्हता.

माझे एक मामा त्या देशात रोलरवर होते. ते सांगायचे, तिकडे रस्त्याखाली आपल्या मुरमासारखा एक चुनखडीचा थर दाबतात, त्याला गच म्हणतात. मला गंमत वाटली, कारण आपल्या जुन्या मराठीतही गच म्हणजे चुन्याचा गिलावा, आणि त्यावरूनच गच्ची. दोन्हीकडे शब्द फारसीतून आलाय. कुवेतच्या इंजिनिअरांपुढचा प्रश्न असा होता: हजारो ट्रक भरतील एवढी तेलकट वाळू पडलीय आणि रस्त्यांसाठी भर तर लागतेच आहे. मग या वाळूची भर करता येईल का?

१९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी स्वच्छ वाळूत वजनाच्या ६ टक्क्यांपर्यंत तेल मिसळून पाहिलं. वाळूची ताकद थोडी कमी झाली, दाबाखाली ती जास्त बसू लागली आणि पाणी झिरपणं कमी झालं. तेल जितकं जड, तितका परिणाम जास्त. पुढे त्यांनी जुन्या झालेल्या तेलकट वाळूकडेही पाहिलं. महिनोन् महिने उन्हात पडलेल्या वाळूतून हलका भाग उडून जातो, तेल कमी होतं आणि ताकद काहीशी परत येते. म्हणून कालची गळती आणि दहा वर्षांपूर्वीची गळती यांना एकच औषध चालत नाही.

वाळूला तेल नेमकं काय करतं, ते मला पुस्तकातून नीट उमगलं नव्हतं. मग घरीच करून पाहिलं. पाणी प्यायचे प्लास्टिकचे तीन ग्लास, प्रत्येकात ३०० ग्रॅम कोरडी वाळू. पहिल्यात तेल नाही, दुसऱ्यात ९ ग्रॅम, तिसऱ्यात ३० ग्रॅम जुनं इंजिन ऑइल. वजनाला स्वयंपाकघरातला काटा घेतला, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे नको. तेल कालवून झाल्यावर तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. पहिल्यात थेंब क्षणात नाहीसा झाला. दुसऱ्यात थोडा वेळ रेंगाळून मुरला. तिसऱ्यात तो अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल बसून राहिला. ग्लास हलवला की घरंगळायचा, मुरायचं नाव नाही.

सगळी गोम त्या थेंबात आहे. सिमेंट वाळून घट्ट होतं असा आपला सर्रास समज असतो. प्रत्यक्षात ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. सिमेंटच्या कणातले कॅल्शियमचे संयुग पाण्यात विरघळतात आणि त्यातून चिकट, सुईसारखे, एकमेकांत गुंतणारे स्फटिक आणि एक प्रकारचा लगदा तयार होतो. तो लगदा वाळूच्या कणाला धरतो. म्हणून तर माल लावल्यावर आपण पाणी मारतो, तो सुकू देत नाही. तेल या कामात दोन ठिकाणी आडवं येतं. वाळूच्या कणावर त्याचा पातळ पापुद्रा बसतो, त्यामुळे लगद्याला धरायला जागाच मिळत नाही. सिमेंटच्या कणाभोवती बसलं तर त्याला पाणी पोचत नाही, मग ते उशिरा घट्ट होतं किंवा अर्धवट राहतं.

मग जमतं कसं? एक म्हणजे नीट कालवलं, खरोखर रगडलं, तर सगळे कण सारखे माखलेले राहत नाहीत. कुठे कोरा भाग उघडा पडतो, तिथे सिमेंट धरतं. दुसरं, जिथे धरता येत नाही तिथे ते वेढतं. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ प्रत्येक दाण्याच्या आत शिरत नाही. दाण्यांच्या मधल्या फटी भरतो आणि सगळ्यांना मिळून एका सांगाड्यात अडकवतो. तेलकट मातीतलं सिमेंट बरंचसं असंच काम करतं. तेलाचे थेंब आणि माखलेले गोळे जागच्या जागी कोंडले जातात. सांगाडा उभा राहण्याइतकं सिमेंट आणि कोरे कण असले तर गाडी चालते. तेल फार झालं तर सांगाड्यातच भगदाडं पडतात.

ग्लासांचं पुढे काय झालं ते सांगतो. प्रत्येकात ३० ग्रॅम सिमेंट आणि बेताचं पाणी घालून, चमच्याच्या दांड्याने ठासून, ओल्या फडक्याखाली सात दिवस ठेवले. मग ग्लास कापून काढले. पहिला गट्टू नखाने खरवडला तर नखच झिजलं. दुसरा उभा राहिला, पण अंगठ्याने दाबल्यावर कडा भुरभुरली. तिसरा हातात घेताच रव्याचा लाडू फुटावा तसा फुटला. मला यातून कळलं ते असं: ३ टक्के तेलाशी भांडता येतं, १० टक्क्यांशी भांडायला जाऊ नये. घरच्या काट्यावर झालेली परीक्षा आहे, तेव्हा हा नियम म्हणून कुणी वापरू नका. आणि करून पाहणार असाल तर हातमोजे घाला. सिमेंट आणि जळकं ऑइल, दोन्ही कातडीला वाईट.

साइटवर काम करणाऱ्यांसाठी यात एक सापळा आहे. भर टाकताना मातीत पाणी बरोबर झालं का हे आपले मुकादम मूठ दाबून ठरवतात. मुठीत गोळा झाला, हात फारसा ओला झाला नाही, म्हणजे रोलर फिरवा. तेलकट माती इथे फसवते. तेलच कणांना सरकायला मदत करतं, त्यामुळे कमी पाण्यातही गोळा झकास होतो आणि रोलरखाली थर घट्टही बसतो. मुकादम खूश. पण सिमेंटला प्यायला लागणारं पाणी त्यात नसतंच. प्रयोगशाळेतही हाच घोळ होतो. मातीतली ओल मोजायला नमुना १०५ ते ११० अंशांच्या भट्टीत ठेवतात आणि वजन किती घटलं ते पाहतात. तेलकट मातीतून त्या उष्णतेला हलकं तेलही उडतं, आणि ते पाणी म्हणून मोजलं जातं. कागदावर ओल भरपूर, मातीत सिमेंट तहानलेलं. म्हणून तेल आणि पाणी वेगवेगळं मोजल्याशिवाय या कामाला हात लावू नये.

वाळूची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. चिकणमातीची वेगळी, आणि आपल्याला जास्त जवळची. या बाबतीत वडोदऱ्याजवळच्या एका पेट्रोकेमिकल संकुलातल्या मातीचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. तिथे जमिनीत फ्युएल ऑइल मुरलं होतं. मातीचा आपसातला चिकटपणा जवळजवळ दोन तृतीयांशाने घटला होता आणि दाब सोसायची ताकद सुमारे एक तृतीयांशाने. त्यांनी चुना, फ्लाय अॅश (कोळशावरच्या वीजकेंद्रातली बारीक राख) आणि सिमेंट वेगवेगळ्या प्रमाणात घालून पाहिलं. सगळ्यात चांगलं जमलं ते १० टक्के चुना, ५ टक्के फ्लाय अॅश आणि ५ टक्के सिमेंट या मिश्रणाने. म्हणजे बाजी मारली चुन्याने, सिमेंट मदतीला. कारण असं की चिकणमातीचे पत्र्यासारखे बारीक कण चुन्यातल्या कॅल्शियममुळे एकमेकांना धरून गुठळ्या करतात, माती मोकळी आणि वाळूसारखी होते, मग सिमेंटला तिच्यात शिरायला वाट मिळते. आपली काळी माती तर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात तेल गेलं असेल तर नुसत्या सिमेंटच्या गोण्या ओतणारा कंत्राटदार पैसे मातीतच घालतोय.

आखाती भागातल्याच ओमानमध्येही २००५ च्या सुमारास असेच प्रयोग झाले. तिथे सिमेंटबरोबर सिमेंट कारखान्याच्या भट्टीतून उडणारी, फिल्टरमध्ये अडकणारी धूळही वापरून पाहिली. एरवी ती कारखान्याला डोकेदुखी असते. सिमेंटने फरक जास्त पडला, धुळीने कमी, पण धूळ जवळपास फुकट. एका कारखान्याच्या कचऱ्याने दुसऱ्याचा कचरा बांधायचा, ही कल्पना मला तरी आवडते.

कुवेतच्या वाळूत आणखी एक भानगड होती. आगी विझवायला समुद्राचं पाणी मोठ्या प्रमाणावर आणलं, त्यासाठी तेलाच्याच पाइपलाइनी उलट्या चालवल्या. ते पाणी वाळूत मुरलं, म्हणजे तेलाबरोबर मीठही आलं. वाळवंटातल्या मातीत जिप्समही असतं. त्यातलं सल्फेट सिमेंटशी क्रिया करून आतून फुगतं आणि थराला तडे देतं. म्हणून तेल मोजून भागत नाही, सल्फेटही मोजावं लागतं, आणि ते जास्त असेल तर सल्फेटला टिकणारं सिमेंट घ्यावं लागतं. कोकण किनाऱ्यावरच्या मातीसाठीही हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

बरं, रस्त्यात हा थर कुठे घालायचा? रस्ता म्हणजे वरून दिसतं ते डांबर नव्हे. खाली दाबलेली माती, तिच्यावर उपथर, मग खडीचा मुख्य थर, आणि शेवटी डांबर किंवा काँक्रीट. चाकाचा भार वरून खाली जाताना पसरत जातो, त्यामुळे खालच्या थराला कमी ताकद पुरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१८ च्या नियमावलीत सिमेंट घातलेल्या उपथराला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५ ते ३० किलो एवढी ताकद चालते, मुख्य थराला ४५ ते ७० लागते. साध्या बऱ्यापैकी विटेची ताकद याच मापात ३५ किलो धरतात. म्हणजे उपथराकडून विटेएवढीही अपेक्षा नाही. तेलकट मातीची जागा तीच.

ताकदीइतकीच टिकण्याची परीक्षा महत्त्वाची. नमुना पाण्यात बुडवायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा बुडवायचा, अशा १२ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर तारेच्या ब्रशने घासायचं. वजनात १४ टक्क्यांहून जास्त घट आली तर नापास. एकेक फेरी दोन दिवसांची, म्हणून ही परीक्षा टाळायचा मोह फार. सातव्या दिवशीचा गट्टू दाबून मिळालेला आकडा दाखवून काम पुढे ढकललं जातं. तेलकट मातीच्या बाबतीत मला सातव्या दिवशीचा आकडा तितकासा भरवशाचा वाटत नाही. तेलामुळे सिमेंट रेंगाळतं, कधी २८ दिवसांनी आकडा बराच सुधारतो, तर कधी भिजवल्यावर कोसळतो.

हा थर डांबराला लागून मात्र नको. डांबर म्हणजे तेलातून हलका भाग काढून घेतल्यावर उरलेला गाळ, त्यामुळे हलकं तेल त्याला पुन्हा विरघळवतं. एसटीच्या आगारात जिथे गाड्या उभ्या राहतात तिथलं डांबर बघा. डिझेल ठिबकून खडी सुटी झालेली असते. पेट्रोल पंपावर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालतात त्याचंही कारण हेच. याच कारणाने ‘तेलकट माती आहे ना, मग डांबरासारखीच पसरा’ हा सल्लाही फोल. कच्च्या तेलाला डांबराचा चिकटपणा नसतो.

आता हिशेब. एक किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड उपथर म्हणजे १४०० घनमीटर. घनमीटरला १.८ टन धरले तर सुमारे २५०० टन माती. ६ टक्के सिमेंट म्हणजे १५० टन, ५० किलोच्या ३००० गोण्या. त्या मातीत ४ टक्के तेल असेल तर एका किलोमीटरखाली १०० टन तेल गेलं. २० हजार लिटरचे पाच-सहा टँकर. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी पुन्हा तपासून पाहिला होता.

कारण सिमेंट तेलाला नाहीसं करत नाही. जंतूंना तेल खाऊ घालण्याच्या पद्धतीत तेल खरोखर कमी होतं, भट्टीत जाळलं तर संपतं. सिमेंटमध्ये ते फक्त कोंडलं जातं. कोंडणी किती पक्की आहे हे पाहायला अमेरिकेत एक चाचणी ठरवून दिली आहे. नमुन्याचे तुकडे करून वीसपट वजनाच्या आम्लधर्मी पाण्यात १८ तास गोल फिरवत ठेवायचे, मग त्या पाण्यात काय उतरलं ते मोजायचं. शिशासारखे धातू सिमेंटमध्ये चांगले अडकतात, कारण ते रासायनिकरीत्या बांधले जातात. तेल नुसतं भिंतींआड बसलेलं असतं. त्यातले बेंझिनसारखे हलके घटक तर कालवतानाच हवेत उडतात आणि कालवणाऱ्याच्या नाकात जातात. ताज्या पेट्रोलच्या गळतीला ही पद्धत लावू नये ती त्यामुळेच. जुनं, जड, उन्हात मुरलेलं तेल असेल तर विचार करावा.

आपल्याकडे तेल मिसळलेला कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. गॅरेजमागची काळी माती ट्रॅक्टरमध्ये भरून पाणंद रस्त्यावर पसरणं हा जुगाड नाही, गुन्हा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. आणि चांगली माती मिसळून तेलाची टक्केवारी खाली आणली की काम झालं असं सांगणारे भेटतात. कणांचा आकार जुळवायला मिसळणं ठीक. आकडा लपवायला मिसळलं तर तेल तेवढंच राहतं, फक्त जास्त जागेत पसरतं.

कुवेतने शेवटी मुख्य जोर रस्त्यांवर दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने पर्यावरण दुरुस्तीसाठी त्यांना जवळपास ३ अब्ज डॉलर मंजूर केले. एकूण भरपाईचा शेवटचा हप्ता इराकने जानेवारी २०२२ मध्ये फेडला, आणि माती उपसून धुणं, जंतूंनी साफ करणं ही कामं तीस वर्षांनंतरही चालू होती. मला त्यात शहाणपण दिसतं. तरीही वाळवंटातल्या सरळ रस्त्याखाली असा थर निदान सुखाने पडून राहील, कारण तिथे भूजल खोल, पाऊस नावाला आणि रस्ता उकरणारं कुणी नाही.

आपल्याकडे माझी भीती पावसापेक्षा कुदळीची आहे. पाण्याची लाइन, गॅसची लाइन, मग केबल. आमच्याच गल्लीत दोन वर्षांत तिसऱ्यांदा खणलंय. कोंडलेल्या तेलाची भिंत जेसीबीने फोडली, तुकडे पावसात उघडे पडले, निम्मे शेजारच्या प्लॉटमध्ये भर म्हणून गेले, तर सगळ्या चाचण्या वाया. खालचा थर कशाचा आहे याची नोंद त्या वेळी कुणाच्या टेबलावर असेल? म्हणून मला विचाराल तर अशी माती शहरातल्या रस्त्याखाली नको. रिफायनरीच्या किंवा बंदराच्या आवारातले रस्ते, ट्रक टर्मिनल, जिथे जागेचा मालक एकच आहे आणि नकाशा त्याच्याच कपाटात राहणार आहे, तिथे चालेल.

माझा दुसरा ग्लास, तो ३ टक्क्यांचा गट्टू, अजून खिडकीत जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलाय. दिसायला दगडासारखा. काल सहज उचलला तर खाली कागदावर पिवळट गोल डाग पडला होता. पेनने त्याची कड आखून ठेवलीय. पुढच्या महिन्यात परत बघेन.